खुर्चीतला नॉर्म आणि कवळी काढून धावणारा क्लिफ

१९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने लोकांनी जरा हातपाय हलवावेत म्हणून 'लाइफ. बी इन इट.' ही मोहीम काढली. दोन वर्षांनी ती देशभर पोचली. अशा कामाला कुणीही एखादा पिळदार खेळाडू निवडला असता. जाहिरातवाले फिलिप ॲडम्स आणि चित्रकार ॲलेक्स स्टिट यांनी मात्र नॉर्म नावाचा कार्टून गडी उभा केला. ढेरी सुटलेली, हातात बिअर, टीव्हीसमोरच्या खुर्चीत रुतलेला. नॉर्म म्हणजे नॉर्मल, चारचौघांसारखा. लोक त्याला हसले आणि हसता हसता स्वतःला ओळखू लागले. मागणंही माफक होतं: ऊठ, जरा चालून ये.

आपला वारसा याच्या उलट. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत. त्यांनी ते संस्थानातल्या शाळांत नेले, त्यांवर लिहिलं. काम मोठंच, पण आपल्या मनात व्यायाम म्हणजे पहाट, ठरलेला आकडा आणि न चुकणारा नेम असं समीकरण बसलं. एकदा नेम चुकला की व्यायामच सुटतो. अशा संकल्पांची फजिती पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ'मधल्या 'उपास'मध्ये रंगवली आहेच.

बटाट्यांवरूनच पुन्हा ऑस्ट्रेलियात येऊ. १९८३ साली सिडनी ते मेलबर्न ही ८७५ किलोमीटरची शर्यत क्लिफ यंग या ६१ वर्षांच्या, बटाटे पिकवणाऱ्या शेतकऱ्याने जिंकली. वेळ ५ दिवस, १५ तास, ४ मिनिटं. पाय फारसे न उचलता तो फरफटत धावायचा. धावताना कवळी खुळखुळते म्हणून ती काढून ठेवायचा. सराव म्हणजे शेतावर गमबूट घालून मेंढ्यांमागे पळणं. आदल्याच वर्षी हजार मैलांच्या विक्रमाचा प्रयत्न त्याला जेमतेम अर्ध्यावर सोडावा लागला होता. बक्षिसाचे १०,००० डॉलर त्याने बाकीच्या धावपटूंत वाटून टाकले. पुढे लांब पल्ल्याच्या काही धावपटूंनी त्याची ती फरफट उचलली, कारण तिला शक्ती कमी लागते.

नॉर्ममुळे देश सडपातळ झाला, असं मात्र नाही. २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत ६७ टक्के प्रौढांचं वजन प्रमाणाबाहेर होतं. पण नॉर्मचं मागणं चुकीचं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवताना, तो सलग किमान १० मिनिटं हवा ही जुनी अट काढून टाकली. आता प्रत्येक हालचाल हिशेबात धरली जाते.

आपल्याला तर हे जास्तच लागू आहे. दक्षिण आशियाई माणसाला मधुमेह कमी वयात आणि कमी वजनातही गाठतो. त्यात परदेशात हाताशी आजी-आजोबा नाहीत, नोकरी वर्ष-दोन वर्षांच्या करारावर, मूल पाळणाघरात. नेम टिकण्याची वाट बघत बसलो तर चाळिशी उलटेल. म्हणून माझा व्यायाम असा: ट्रॅममधून दोन स्टॉप आधी उतरणं आणि कुकर होईपर्यंत चार सूर्यनमस्कार. तिसरी शिट्टी झाली की चौथा अर्धाच राहतो. औंधच्या महाराजांना हे पटलं नसतं. नॉर्मने खुर्चीतून दाद दिली असती.