धुक्यातला तोरणा आणि यकृतातली गाठ

आषाढात वेल्ह्याच्या पेठेत उभे राहिले, तर कित्येक दिवस समोरचा तोरणा दिसतच नाही. १,४०३ मीटर उंचीचा गड जागेवर असतो, नकाशातही असतो. डोळ्यांना तेवढा सापडत नाही. यकृतातील कर्करोगाच्या गाठीपुढे शल्यविशारदांची अनेक दशके हीच अवस्था होती. आज गडकोटांची वाट सोडून त्या इतिहासाकडे वळू.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तिथल्या रस्त्याला पुढे ज्यांचे नाव मिळाले, ते मूळचे गोव्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस तिथलेच शल्यविशारद. त्या काळी क्ष-किरणचित्र मिळे ते मुख्यतः शस्त्रक्रियेपूर्वी. अर्जेंटिनाच्या पाब्लो मिरिझ्झी यांनी १९३१ मध्ये शस्त्रक्रिया चालू असतानाच पित्तनलिकेचे चित्र घेतले होते खरे, पण यकृताच्या पोटातली गाठ शोधायला बोटांखेरीज साधन नव्हते. चाचपायचे आणि अंदाजाने कड ठरवायची.

१९५७ मध्ये फ्रान्सच्या क्लोद क्विनो यांनी रक्तवाहिन्यांच्या आधारे यकृताचे आठ विभाग मांडले. राजगडाच्या तीन माच्या आणि बालेकिल्ला कागदावर आखावा, तसा हा नकाशा. अडचण एवढीच, की जिवंत यकृतावर या सीमांच्या रेषा नसतात.

जपानमध्ये ही अडचण जिवावर बेतणारी होती. यकृताचा कर्करोग झालेल्या तिथल्या बहुतेक रुग्णांचे यकृत दीर्घ काविळीने आधीच कठीण झालेले असे. मोठा भाग कापला, तर उरलेले यकृत निकामी होऊन रुग्ण दगावे; थोडा कापला, तर रोग मागे राही. टोकियोच्या मासातोशी माकुउची यांनी सोनोग्राफीचा लहानसा शोधक थेट उघड्या यकृतावर ठेवला. त्याच्या साहाय्याने गाठीकडे जाणारी प्रवेशिनी शिरेची शाखा शोधून तिच्यात निळा रंग सोडला. तेवढाच विभाग निळा झाला आणि क्विनोची कागदावरची सीमा डोळ्यांसमोर उमटली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी उडी वाटते.

पुढचा शोध मात्र आडवाटेने आला. इंडोसायनिन ग्रीन हा रंग कोडॅक या छायाचित्रण कंपनीच्या प्रयोगशाळेतला. १९५७ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये तो हृदयातून वाहणारे रक्त मोजण्यासाठी वापरला गेला. रक्तातून तो केवळ यकृतच बाहेर काढते, म्हणून जपानी डॉक्टर शस्त्रक्रियेपूर्वी यकृताची ताकद तपासायला तो टोचत. काही दिवसांनी पोट उघडून अवरक्त कॅमेऱ्याने पाहिले, तर निरोगी यकृतातून रंग निघून गेलेला आणि गाठ चमकत असलेली! पित्ताची वाट बिघडल्याने तो तिथे अडकला होता. मोठ्या आतड्यातून यकृतात पसरलेल्या गाठींभोवती तर कड्यासारखे वलय दिसले. ताकेआकी इशिझावा आणि सहकाऱ्यांनी हे निरीक्षण २००९ मध्ये प्रसिद्ध केले.

या प्रकाशाला भुलून चालत नाही. तो साधारण सेंटीमीटरभर खोलीपर्यंतच दिसतो. कर्करोग नसलेल्या गाठीही कधी चमकतात. खोलवरच्या गाठीसाठी आजही माकुउचींची सोनोग्राफी लागते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत आता ही दोन्ही साधने आहेत. वेल्ह्याच्या रुग्णाला त्यासाठी आधी पाबे घाटातून, नाहीतर नसरापूरमार्गे पुणे गाठावे लागते.