फोनिक्स

इंग्रजी वाचन व स्पेलिंग शिकविण्याची ध्वन्याधारित पद्धत. हिच्यात अक्षराच्या नावाआधी त्याचा ध्वनी शिकवितात. सी, ए, टी ही नावे कितीही भरभर म्हटली, तरी त्यांतून ‘कॅट’ ऐकू येत नाही. क्, ॲ, ट् हे ध्वनी जोडले की येते. ध्वनी जोडून वाचणे आणि ऐकलेला शब्द ध्वनींत फोडून लिहिणे, ही पद्धतीची दोन अंगे.

व्यंजने त्या मानाने सरळ. खरी अडचण स्वरांची. इंग्रजीत प्रमुख स्वराक्षरे पाच, पण ब्रिटिश प्रमाण उच्चारातील सुमारे ४४ ध्वनींपैकी जवळजवळ २० स्वर आहेत. ही तूट स्वराक्षरांच्या जोड्या आणि शब्दान्तीचा मुका ‘ई’ भरून काढतात. हा ‘ई’ स्वतः बोलत नाही, मागच्या स्वराला मात्र बदलतो : ‘हॅट’चे ‘हेट’, ‘हॉप’चे ‘होप’, ‘बिट’चे ‘बाइट’. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर सरकत गेले. कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि पुढे छपाईबरोबर स्पेलिंग मात्र गोठत गेले. आज ई-ए ही एकच जोडी ‘बीड’, ‘ब्रेड’, ‘ब्रेक’ आणि ‘हार्ट’ या चार शब्दांत चार तऱ्हांनी उच्चारली जाते. उलट ‘केक’, ‘रेन’, ‘डे’, ‘एट’ यांतला स्वर एकच, स्पेलिंगे चार. म्हणून फोनिक्सने वाचन लवकर साधते, लेखन मागे राहते.

रूडॉल्फ फ्लेश यांच्या १९५५ च्या पुस्तकाने अमेरिकेत या पद्धतीचा वाद पेटविला. इंग्लंडमध्ये जिम रोझ यांच्या २००६ च्या अहवालानंतर ती शाळांत रुजली. २०१२ पासून तेथे पहिलीच्या मुलांना ४० शब्द वाचायला देतात. त्यांतले निम्मे निरर्थक असतात, म्हणजे पाठांतर कामी येऊ नये. अर्थाशिवाय वाचणे हे वाचन कसले, हा टीकाकारांचा आक्षेप अगदीच पोकळ नाही.

महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. बाराखडीमुळे अक्षर आणि ध्वनी यांचे नाते मुलांच्या अंगवळणी असते. ॲ हे चिन्हही ‘बॅट’ आणि ‘बेट’ वेगळे ठेवते. पण मराठी व्यंजनात ‘अ’ मुरलेला असल्याने मूल ब् ऐवजी ‘ब’ म्हणते आणि ‘ब-ॲ-ट’ जुळता जुळत नाही. बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घ इकार काटेकोर नसल्याने ‘शिप’ व ‘शीप’ यांची गल्लत होते. ‘टीचर’, ‘डॉक्टर’ आणि ‘शुगर’ यांचा शेवट देवनागरीत सारखाच दिसतो; इंग्रजीत तो अनुक्रमे ई-आर, ओ-आर, ए-आर असा लिहितात, आणि तेथे घोकंपट्टीवाचून गत्यंतर नसते.