‘गो बॅक’ : दोन लहान शब्दांचा इतिहास

ता. ३ फेब्रुवारी १९२८ रोजीं सर जॉन सायमन यांच्या अध्यक्षतेखालील सात सभासदांचें कमिशन मुंबई बंदरांत उतरलें. हिंदुस्थानच्या राज्यघटनेचा विचार करण्यास आलेल्या या मंडळांत एकही हिंदी गृहस्थ नव्हता. काळीं निशाणें घेऊन जमलेल्या लोकांनीं त्याचें स्वागत ज्या शब्दांनीं केलें, ते सर्वश्रुत आहेत : ‘सायमन, गो बॅक!’ या घोषणेचें श्रेय मुंबईचे तरुण पुढारी युसुफ मेहेरअली यांना दिलें जातें. तिच्यामागील राजकारण पुष्कळांस ठाऊक असतें; तिच्यांतील इंग्रजीकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं.

परत जाणें या अर्थीं इंग्रजींत ‘रिटर्न’ हा दुसरा, दिसावयास अधिक भारदस्त शब्द आहे. मग तो घोषणेंत कां आला नाहीं? हें समजण्यास या दोन्ही शब्दांचें कूळ पाहिलें पाहिजे.

१०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें, आणि त्यापुढें दीर्घकाळ तेथील दरबारांत व न्यायसभांत फ्रेंच भाषेचा अंमल चालला. ‘रिटर्न’ हा शब्द त्या फ्रेंचांतून आलेला. न्यायालयाचा हुकूम बजावल्यावर, काय घडलें तें नमूद करून शेरीफ तो हुकूम परत पाठवीत असे. त्यास ‘रिटर्न’ म्हणत. आज प्राप्तिकराचें ‘रिटर्न’ भरतांना किंवा निवडणुकींत ‘रिटर्निंग ऑफिसर’ हें नांव ऐकतांना आपण त्याच जुन्या कचेरीच्या ओसरीवर उभे असतों.

‘बॅक’ हा शब्द घरचा. त्याचा मूळ अर्थ पाठ. ‘ऑन बॅक’ म्हणजे पाठीच्या दिशेस; त्याचें ‘अबॅक’ झालें, आणि पहिलें अक्षर झिजून चौदाव्या शतकांत नुसतें ‘बॅक’ उरलें. त्यापूर्वीं परतण्याचा अर्थ मुख्यतः ‘अगेन’ हा शब्द वाहत असे. १६११ च्या इंग्रजी बायबलांतही ‘कम अगेन’ म्हणजे ‘परत येणें’ असा अर्थ अनेक ठिकाणीं आढळतो. पुढें ‘अगेन’कडे ‘पुन्हां’ एवढेंच काम राहिलें व परतीचा मार्ग ‘बॅक’नें व्यापिला.

अशा जोडक्रियापदांनीं परकीयांची त्रेधा उडते, हें डॉ. जॉन्सन यांनीं १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंतच सांगून ठेविलें आहे. क्रियापदापुढें एक चिमुकला शब्द येतो आणि अर्थ कोठच्या कोठें जातो. ‘गो बॅक’ म्हणजे परत जाणें. परंतु त्यास ‘ऑन’ जोडतांच दिलेल्या वचनापासून ढळणें असा अर्थ होतो. ‘गेट बॅक’ म्हणजे परत मिळविणें. ‘ॲट’ जोडला कीं सूड उगविणें. एखादी चाल अमुक शतकापर्यंत ‘गोज बॅक’, म्हणजे तेवढी जुनी असते. आणि विसरलेली गोष्ट ‘कम्स बॅक’, म्हणजे आठवते. १९२५ सालीं लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या ग्रंथानें या वर्गास ‘फ्रेझल व्हर्ब’ हें नांव रूढ केलें.

परंतु घोषणेचें खरें मर्म ‘गो’ या शब्दांत आहे. ‘रिटर्न’ या शब्दावरून बोलणारा कोठें उभा आहे, तें कळत नाहीं. ‘कम बॅक’ व ‘गो बॅक’ यांवरून तें तत्काळ कळतें. दारांत उभी राहून मुलाला हांक मारणारी आई ‘कम बॅक’ म्हणेल. आपल्या दारांतून दुसऱ्यास त्याच्या घराकडे लावणारा ‘गो बॅक’ म्हणेल. मराठी माणूस निरोप घेतांना ‘जातों’ न म्हणतां ‘येतों’ म्हणतो, तेंही याच जाणिवेनें : जेथें माया आहे, तेथें परत यावयाचें असतें.

तेव्हां ‘गो बॅक’ म्हणणाऱ्यांनीं केवळ नापसंती दाखविली नाहीं. हें घर आमचें, तुमचें घर तिकडे, हा सगळा दावा त्यांनीं राज्यकर्त्यांच्याच भाषेंतील दोन एकाक्षरी शब्दांत मांडला. त्याची किंमतही जबर पडली. ता. ३० ऑक्टोबर १९२८ रोजीं लाहोर येथें कमिशनच्या निषेधाची मिरवणूक नेत असतां लाला लजपतराय यांना लाठीचा मार बसला, आणि ता. १७ नोव्हेंबर रोजीं त्यांचें देहावसान झालें.

साधा शब्द तो गांवढळ व लांब शब्द तो सुसंस्कृत, अशी समजूत इंग्रजी शिकणाऱ्यांत पुष्कळदां दिसते. ‘रिटर्न’ लिहावें, ‘गो बॅक’ बोलण्यापुरतें ठेवावें, असें त्यांस वाटतें. कचेरीच्या कागदास ‘रिटर्न’ शोभतो, हें खरें. पण हजारों कंठांतून जावयाचा शब्द घरांतलाच लागतो.

ता. २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी गेटवे ऑफ इंडियाच्या कमानींतून निघून जहाजावर चढली. सायमन कमिशन मुंबई बंदरांत उतरल्याला त्या महिन्यांत वीस वर्षें पुरीं झालीं होतीं.