पिशवी, पट्टा आणि पिना : संगणकाचे सुटे भाग हाताळण्याच्या दक्षतेचा इतिहास

स्थिरविद्युतेचा धाक संगणकाहून जुना आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांना घासून, किंवा नुसते टेकून, वेगळे झाले की एकावरचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात, आणि पृष्ठभाग निरोधक, म्हणजे वीज वाहू न देणारा, असेल तर हा विद्युतभार जागच्या जागी साचतो. हवा कोरडी असली की तो टिकतो, दमट असली की पृष्ठभागावरच्या ओलाव्यातून झिरपून जातो. कापडगिरण्यांत हवेत पाण्याचे तुषार सोडण्याची पद्धत पडली ती मुख्यतः धागा तुटू नये म्हणून, पण भारित तंतू एकमेकांना दूर ढकलून विस्कटू नयेत हाही तिचा एक हेतू होता, आणि मुंबईची दमट हवा सूतकताईला मानवली त्यातही या गुणाचा वाटा होता. शस्त्रक्रियागृहात प्रश्न जिवावरचा होता. ईथर आणि १९३० च्या दशकात रूढ झालेला सायक्लोप्रोपेन ही भूल देण्याची द्रव्ये ठिणगीने पेट घेत, त्यामुळे तिथली जमीन मुद्दाम वीज वाहणारी करण्यात आली आणि डॉक्टर-परिचारिकांना सुवाहक तळव्यांची पादत्राणे देण्यात आली. माणसाच्या शरीरावरचा भार सतत जमिनीत उतरत ठेवायचा हा विचार त्यामुळे इलेक्ट्रॉनिक उद्योगाला नव्याने शोधावा लागला नाही.

त्या उद्योगाची अडचण मात्र पूर्वीच्या कोणत्याही धंद्याला आलेली नव्हती. मोहम्मद अटाला आणि डॉवन कांग यांनी बेल प्रयोगशाळेत घडवलेल्या आणि १९६० मध्ये जाहीर झालेल्या मॉस ट्रान्झिस्टरमध्ये प्रवाहाचे नियंत्रण करणारे टोक, ज्याला गेट म्हणतात, ते खालच्या सिलिकॉनपासून सिलिकॉन डायऑक्साइडच्या अत्यंत पातळ पापुद्र्याने विलग केलेले असते. हा पापुद्रा सेंटिमीटरला सुमारे एक कोटी व्होल्ट इतका ताण सोसतो, पण त्याची जाडी एक दशांश मायक्रॉन असली तर तो शंभर व्होल्टलाच भेदला जातो, आणि एकदा पडलेले छिद्र बुजत नाही. उलट माणसाला आपल्या बोटातून ठिणगी गेल्याचे जाणवते ते साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे. शस्त्रक्रियागृहातला अपघात निदान स्वतःची वर्दी देत असे. इथे हाताळणाऱ्याला काही कळण्याच्या कितीतरी आधी वस्तू निकामी होई, आणि पाहणाऱ्याला ती पूर्वीसारखीच दिसे. पुढच्या सगळ्या दक्षतेचे मूळ या न जाणवण्यात आहे.

पहिला उपाय अगदी साधा होता. सुरुवातीचे काही मॉस ट्रान्झिस्टर ग्राहकाकडे येत तेव्हा त्यांचे सर्व पाय एका बारीक धातूच्या कडीने किंवा स्प्रिंगने एकत्र बांधलेले असत, म्हणजे कोणत्याही दोन टोकांमध्ये विद्युतदाबाचा फरकच पडत नसे, आणि डाख देऊन झाल्यावर ती कडी काढायची अशी सूचना असे. अनेक पायांच्या एकात्म चकत्या, ज्यांना बोलीत चिप म्हणतात, आल्यावर कडीची जागा कार्बन मिसळलेल्या काळ्या फोमने घेतली. चकतीच्या आतही रक्षक डायोड बसवले जाऊ लागले, पण त्यांना सिलिकॉनवर जागा लागते आणि त्यांच्यामुळे संकेताचा वेग मंदावतो, म्हणून हे संरक्षण किती द्यायचे हा प्रश्न कधीच निव्वळ तांत्रिक राहिला नाही.

१९७० च्या दशकाच्या शेवटी या दक्षतेला शास्त्राचे आणि शिस्तीचे रूप आले. १९७९ मध्ये डेन्व्हर येथे या विषयावरचा पहिला परिसंवाद भरला, १९८० मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने १६८६ क्रमांकाचे मानक आणि त्यासोबत २६३ क्रमांकाची पुस्तिका काढली, आणि १९८२ मध्ये ईएसडी (स्थिरविद्युत विसर्ग) असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. पुस्तिकेतला एक तक्ता पुढे सर्वत्र उद्धृत झाला : १० ते २० टक्के आर्द्रतेच्या हवेत गालिच्यावरून चालणाऱ्या माणसावर ३५,००० व्होल्टपर्यंत भार चढतो, तर ६५ ते ९० टक्के आर्द्रतेत तोच आकडा १,५०० वर येतो. चाचणीसाठी माणसाची जागा १०० पिकोफॅरडचा धारित्र आणि १,५०० ओहमचा रोध यांच्या जोडीने घेतली. शरीर तारेने जमिनीशी जोडणारा मनगटी पट्टाही याच काळात कारखान्याच्या बाकावर रूढ झाला. त्याच्या तारेत दहा लाख ओहमचा रोध घातलेला असतो तो चकतीसाठी नव्हे, माणसासाठी. काम करताना चुकून २३० व्होल्टच्या तारेला हात लागला तरी शरीरातून पाव मिलिअँपियरहूनही कमी प्रवाह जावा, हे त्याचे प्रयोजन.

वेष्टनाचा इतिहास याहून गमतीदार आहे. हवेचे फुगे असलेले प्लास्टिक अमेरिकेत १९५७ मध्ये भिंतीला लावायच्या कागदाच्या प्रयत्नातून निघाले, तो प्रयत्न फसला, आणि १९५९ मध्ये जाहीर झालेला आयबीएमचा १४०१ हा संगणक धक्क्यांपासून जपून पाठवण्यासाठी ते वापरले गेल्याने त्याला पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाले. पण पॉलिथिन आणि थर्मोकोल हे स्वतःच भार साठवणारे पदार्थ, म्हणजे धक्क्यापासून वाचवणारे वेष्टनच ठिणगीचे कारण ठरू लागले. त्यावर गुलाबी पॉलिथिन आले. त्यात मिसळलेले द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येऊन हवेतला ओलावा धरते, त्यामुळे घासून भार फारसा तयार होत नाही, परंतु बाहेरून आलेला भार ते अडवत नाही, आणि काही काळाने द्रव्य संपले की गुलाबी रंग उरतो, गुण जातो. चंदेरी करड्या पिशवीत प्लास्टिकच्या थरांमध्ये धातूचा इतका पातळ मुलामा असतो की आतली वस्तू दिसते, आणि तो मुलामा मायकेल फॅरडेने १८३६ मध्ये दाखवलेल्या पिंजऱ्याप्रमाणे आतल्या वस्तूभोवती कवच होतो. हे कवच पिशवी बंद असेपर्यंतच असते. मदरबोर्ड बाहेर काढून त्याच पिशवीच्या वर ठेवण्याची जी प्रथा घरोघरी दिसते तिला कवचाचा काहीही लाभ मिळत नाही.

घरोघरी हा प्रसंग येऊ लागला तो १९७५ नंतर. त्या वर्षी जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर झळकलेला अल्टेअर ८८०० सुट्या भागांच्या संचाच्या रूपात टपालाने येई, आणि त्यामुळे मॉस चकत्या पट्टा, सुवाहक जमीन, पर्यवेक्षक यांपैकी काहीही नसलेल्या जेवणाच्या टेबलावर पोचल्या. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीत पाच मोकळ्या खाचा होत्या आणि स्मृतीच्या चकत्या मदरबोर्डवरच्या सॉकेटांत बोटांनी दाबून बसवायच्या असत. सोळा पायांपैकी एखादा आत दुमडला जाणे नित्याचे होते. दशकाच्या उत्तरार्धात या चकत्या एका छोट्या पट्टीवर जडवून येऊ लागल्या आणि पट्टीला अशी खाच दिली गेली की ती उलटी बसूच नये. हाताळणीची चूक ग्राहकाला बजावून टाळण्यापेक्षा वस्तूच्या आकारानेच अशक्य करावी, हे शहाणपण पुढे अनेक जोडण्यांत उतरले.

प्रोसेसरच्या बाबतीत गोष्ट इतकी सरळ नाही. शेकडो पिना एकदम दाबून बसवणे जोखमीचे होते म्हणून ४८६ प्रोसेसरच्या काळात दांडी असलेले सॉकेट आले, ज्यात प्रोसेसर नुसता अलगद ठेवायचा आणि दांडी खाली करून पकडायचा. २००० च्या सुमारास अथलॉन प्रोसेसरची सिलिकॉनची चकती वर उघडीच असे, आणि उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा तिरपा बसला की तिचा कोपरा टवका उडून जाई. पुढे धातूचे झाकण आल्यावर ही हानी थांबली. २००४ मध्ये इंटेलने ७७५ संपर्कांच्या सॉकेटबरोबर पिना प्रोसेसरवरून काढून मदरबोर्डवर नेल्या, आणि एएमडीने सर्वसाधारण डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी तोच मार्ग २०२२ मध्ये धरला. या बदलाला विद्युत आणि यांत्रिक कारणे होती, तरी त्याचा व्यावहारिक परिणाम दुर्लक्षिण्याजोगा नाही : वाकणारी वस्तू एका उत्पादकाच्या डब्यातून दुसऱ्याच्या डब्यात गेली. सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण जपून ठेवा, ते नसेल तर बोर्ड परत घेतला जाणार नाही, अशा अटी वॉरंटीत दिसू लागल्या त्या यानंतर.

महाराष्ट्रात हा व्यवहार वेगळ्या वळणाने आला. १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सैल केली आणि पुढच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरची दुकाने सुट्या भागांतून ‘असेंबल्ड’ संगणक जोडून देऊ लागली. बहुतेक ग्राहकांसाठी डबा उघडण्याचे काम दुकानातला कारागीरच करी, त्यामुळे हाताळणीची जोखीम घरापर्यंत पोचायला इथे उशीर झाला. अमेरिकी पुस्तिकांतले कोरड्या हवेचे आकडे मुंबईच्या पावसाळ्यात परके वाटले असतील तर नवल नाही. नागपूरच्या एप्रिल-मेच्या हवेत ते तसे वाटू नयेत. शिवाय पट्टा अर्थिंगला जोडा ही सूचना त्या घरातले अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोचते असे गृहीत धरते, आणि जुन्या इमारतींत हे गृहीतक तपासल्याशिवाय मानता येत नाही.

दरम्यान उद्योगाने स्वतःची कसोटी सैल केली. चकतीने माणसाच्या नमुन्याच्या चाचणीत २,००० व्होल्ट सोसावेत असा संकेत होता. चांगली शिस्त असलेल्या कारखान्यात १,००० पुरेत, अशी शिफारस २००७ मध्ये उत्पादकांच्या एका संयुक्त परिषदेने केली, कारण सूक्ष्म होत गेलेल्या रचनेत जादा संरक्षण महाग पडत होते. हा युक्तिवाद कारखान्यापुरता बिनतोड आहे; घरी मात्र ती शिस्त गृहीत धरता येत नाही. स्मृती आणि इतर चकत्या ग्राहकाच्या हाती येतात त्या बोर्डावर जडवलेल्या स्थितीत, जिथे भोवतालचे घटक त्यांचा भार काहीसा वाटून घेऊ शकतात; बोर्डाविना सुटी, उघड्या संपर्कांसह, ग्राहकाच्या बोटांत येणारी चकती आता बहुतेक एकच उरली आहे, आणि ती म्हणजे डब्यातली बहुधा सर्वांत महाग वस्तू, प्रोसेसर.