आकाशकंदील

दिवाळीत घराबाहेर उंच टांगला जाणारा, बांबूच्या कामट्या व रंगीत कागदाचा दिवा. कार्तिकात उंच खांबावर लावल्या जाणाऱ्या आकाशदीपाशी त्याचे नाते आहे. इंदापूर तालुक्यातील कळंबसारख्या गावापासून मुंबईपर्यंत तो घरोघरी लागतो. माहीमची कंदील गल्ली त्याच्या विक्रीसाठी प्रसिद्ध आहे.

पारंपरिक कंदिलाचा सांगाडा देखणे भूमितिकाम आहे. सारख्या लांबीच्या 24 कामट्यांचे सहा चौकोन दोऱ्याने बांधतात. एक वर, एक खाली आणि चार बाजूंना, कोपऱ्यावर उभे. कोपऱ्याला कोपरा जुळवला की मधले आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. कामटी गाठीची किंवा कमीजास्त जाडीची असेल तर सांगाडा तिरका होतो. म्हणून तासण्यात घाई करू नये. बाजूंवर खळीने पतंगी कागद चिकटवतात. वरचा व खालचा चौकोन उघडा ठेवतात. कडांना सोनेरी पट्टी, कोपऱ्यांना करंजे आणि खाली झिरमिळ्या लावतात.

भेट द्यायचा कंदील घरी केलेला असावा. विकतच्या प्लॅस्टिकच्या कंदिलाला ती माया नाही. नेताना झिरमिळ्या चुरगळतात, त्यामुळे त्या वेगळ्या गुंडाळून द्याव्यात व टांगताना चिकटवाव्यात. आत कमी वॅटचा एलईडी दिवा बरा. जुना तारेचा बल्ब तापतो, कागद करपतो.