धुराची वाट

‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण आपण उठल्याबसल्या वापरतो. पण त्या चुलींचा धूर कोणत्या वाटेने बाहेर पडत असे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. मी मुलांना इतिहास शिकवतो. त्यांच्या पुस्तकांत लढाया आहेत, तह आहेत; चुलीपुढे बसणारीच्या वाट्याला मात्र एक ओळही नाही.

जुन्या वाड्यांत स्वयंपाकघर बहुधा माजघराच्या पलीकडे, घराच्या पोटात असे. त्याने सोवळ्याची सोय झाली. पण चूल आतल्या भिंतीशी आली की धुराला जवळची खिडकी उरत नसे. तो कौलांच्या फटींतून, नाहीतर माळवदाला ठेवलेल्या भोकातून जमेल तसा जाई. तोवर त्याचा मुक्काम फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत!

खरे पाहता आतली भिंत ही धुराड्याची शत्रू नव्हे. गरम हवा हलकी होऊन वर चढते, हेच धुराड्याचे सारे शास्त्र. बाहेरच्या भिंतीतले धुराडे गार पडते आणि त्याची ओढ मंदावते. घराच्या मध्यातले उबदार राहते. त्याचे तोंड मात्र आढ्याच्या वर हवे, नाहीतर वारा धूर पुन्हा खाली लोटतो. शिवाय जितकी हवा बाहेर जाते, तितकी आतही यावी लागते. बेंजामिन फ्रँकलिनने १७८५ साली अमेरिकेला परतताना जहाजावर बसून धुरकट धुराड्यांवर लांबलचक पत्र लिहिले. त्यात पहिले कारण हेच दिले आहे, की खोली फार घट्ट बंद असते.

आपल्याकडे हा विचार वर्ध्याला रुजला. तेथे १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. त्याच्या मगनवाडीत १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ घडली: मातीचाच बंद ओटा, एका जाळावर ओळीने भांडी, आणि शेवटी धूर वर नेणारी नळी. पाठोपाठ १९५३ मध्ये हैदराबादच्या डॉ. एस. पी. राजू यांनी निर्धूर स्वयंपाकघरावर पुस्तिका काढली.

पुढे १९८० नंतरच्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ मध्ये थांबला. चुली पुष्कळ बसल्या. परंतु कोठे नळीत काजळी साचली, कोठे ओटा तडकला, कोठे घरचे भांडे तोंडावर बसेना. मापे बाहेरून ठरून येत. रांधणारीला विचारायचे राहून जाई. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅस खेडोपाडी नेला, तरी सिलिंडर परवडेना की जुनी चूल पुन्हा पेटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुराने जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली.

शहरातल्या सदनिकेतही ओटा आतल्या भिंतीला आला की प्रश्न तोच. नळी जितकी लांब आणि वळणे जितकी अधिक, तितकी पंख्याची ओढ कमी. आणि बिननळीची चिमणी तेलाचा वास गाळते खरी, पण हवा घरातच सोडते.

तेव्हा वाचकहो, घर बांधताना दिवाणखान्याची खिडकी ठरवण्याआधी धुराची वाट ठरवा. आणि ती ठरवताना, जी व्यक्ती कढईपुढे उभी राहणार, तिचा शब्द पहिला घ्या.