‘लागली तर द्या’ म्हणून दिलेली झोपेची गोळी : घरच्यांनी काय पाहावे?

पेण : जितेसारख्या गावात म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा बहुधा घरीच होते. ‘लागली तर द्या’ म्हणून मिळालेली अल्प्राझोलामसारखी गोळी मग रोजचीच होऊन बसते. त्याने तोल जातो, गोंधळ वाढतो, सवयही लागते. अमेरिकेतील नर्सिंग होममध्ये २०१७ पासून अशा औषधांना १४ दिवसांची मर्यादा आहे. पुढे द्यायची तर डॉक्टरांना कारण आणि मुदत लिहावी लागते. आपल्याकडेही चिठ्ठीशिवाय ही गोळी विकता येत नाही.

डॉक्टरांना विचारा : कशासाठी, दिवसाला जास्तीत जास्त किती, कधीपर्यंत? गोळी दिल्याची वेळ वहीत लिहा. आधी दुखणे, लघवीची जळजळ, बद्धकोष्ठता आहे का बघा. रोज चालू असलेली गोळी मात्र एकदम बंद करू नका. मोफत सल्ला : टेली-मानस, १४४१६.